डायनॅमोचा उजेड

यंदा श्रावणात पाऊस लागून राहिला आहे. सुरतेत, लिंबायतच्या आमच्या गल्लीत घोट्याएवढं पाणी आहे आणि रिक्षावाले आत यायला तयार नाहीत. पत्र्यावर एवढा आवाज होतो की घरात दोन शब्द बोलता येत नाहीत, असं बायको म्हणते. मला तो आवाज तेवढा मोठा वाटत नाही. सुट्टीच्या दिवशी मी खिडकीपाशी बसून पन्हाळीतून पडणारी धार बघत असतो. धार जाड झाली की पाऊस वाढला, बारीक झाली की कमी झाला. हिशेब सोपा आहे.

अशा दिवसांत कपडे वाळत नाहीत. घरात दोऱ्या बांधून त्यांवर ओले कपडे टाकलेले असतात आणि त्यांचा एक आंबूस वास घरभर राहतो. तो वास आला की मला डुमसची रात्र आठवते. आठवते म्हणजे मन भरून वगैरे येत नाही. कपाटातली एखादी वस्तू जागेवर आहे ना, हे बघून आपण कपाट लावून घेतो, तसं काहीसं होतं.

तापीला मोठा पूर आला, त्याच्या आदल्या वर्षाचा तो पावसाळा. पुराच्या नंतरचा, असं आमच्यातले काही जण म्हणतात. पण त्या रात्री आमच्यातल्या गिरधरची डायनॅमोवाली सायकल आमच्याबरोबर होती आणि ती सायकल पुरात गेली. म्हणून मी आदलं वर्ष धरतो.

तेव्हाचं लिंबायत आजच्यासारखं नव्हतं. निम्मी शेतं होती, आणि उरलेल्या निम्म्यात आमच्यासारखे खानदेशातून आलेले लोक पत्र्याच्या खोल्यांत राहत होते. सगळे लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात. मी दिवसपाळीला होतो. माझ्याच लूमवर रात्री सुपडू असायचा. एका लूमवरच्या दिवसाच्या आणि रात्रीच्या माणसाला आम्ही जोडीदार म्हणत असू. आमची जोडी लूमपुरती नव्हती. खोली एक, खाट एक, सायकल एक. सकाळी मी सायकलवर खात्यात पोचायचो, फाटकापाशी सुपडू ती घ्यायचा आणि घरी जाऊन मी उठलेल्या खाटेवर आडवा व्हायचा. संध्याकाळी तो ती घेऊन यायचा आणि मी परत न्यायचो. हातात येई तेव्हा सीट नेहमी दुसऱ्याच्या अंगाने गरम झालेली असायची. सुपडू माझ्यापेक्षा वीतभर उंच. रोज सीट वरखाली करण्यापेक्षा आम्ही ती मधल्या उंचीवर ठेवली होती, म्हणजे दोघांनाही ती सारखीच गैरसोयीची होती.

इतकं सगळं एक असून आम्ही एकमेकांना फारसं ओळखत नव्हतो. एक जागा असला की दुसरा झोपलेला असायचा. भेट व्हायची ती पाळी बदलताना, चालू लूमच्या मध्ये. तिथे तोंडाने बोलून उपयोग नसतो. ओठ हलवायचे आणि समोरच्याने ते वाचायचे. खुणाही ठरलेल्या. धागा तुटला की दोन बोटं जुळवून सोडायची. पाणी हवं असेल तर अंगठा ओठाला. शेठ आला की डोक्यावर टोपी घातल्यासारखा हात. कुणाला हाक मारायची तर जवळ जाऊन पाठीवर टिचकी. नव्या माणसाला हे शिकायला महिनाभर लागतो. नंतर तो घरीही तसाच वागू लागतो आणि गावाकडची माणसं विचारतात, की हा बोलताना असा तोंडाकडे टक लावून का बघतो.

त्या श्रावणात सुपडू खातं सोडणार होता. नंदुरबारच्या अलीकडे, रुळाला लागूनच त्याचं गाव. त्याचा मेहुणा त्या लाइनवर कामाला होता आणि त्याच्या खटपटीने सुपडूला गँगमनची जागा मिळत होती. रूळ तपासत चालायचं, खडी भरायची, ढिले बोल्ट आवळायचे. संध्याकाळी स्वतःच्या घरी. त्याची बायको आणि लहान मुलगी शोभा गावी होत्या आणि त्यांची भेट वर्षातून दोनदा, तीही आठ-दहा दिवसांची. आता फक्त रेल्वेच्या डॉक्टरची तपासणी बाकी होती, ती त्याच आठवड्यात होती. सायकल तूच ठेव, असं त्याने मला ओठांनी सांगितलं होतं. सीट माझ्या मापाची करायला मी पानाही मागून आणून ठेवला होता.

जायच्या आधी त्याला समुद्र बघायचा होता. सुरतेत एवढी वर्षं काढली आणि समुद्र पाहिला नाही, असं आमच्यातल्या जवळजवळ सगळ्यांचंच होतं. पण सुपडूची अडचण वेगळी होती. शोभाने त्याला विचारलं होतं की समुद्र कसा ओरडतो. तिच्या शाळेतल्या बाईंनी समुद्र गरजतो असं सांगितलं होतं. गावी गेल्यावर तिला काय सांगणार?

आमच्या भागात आठवड्यातून एक दिवस कारखान्यांची वीज बंद असायची. त्याच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही पाळ्या मोकळ्या होत. रातपाळीच्या लोकांना तशीही झोप येत नसे. म्हणून रात्रीच निघायचं, पहाट डुमसच्या समुद्रावर काढायची आणि दुपारपर्यंत परत यायचं असं ठरलं. पाऊस होताच. तो थांबण्याची वाट बघितली असती तर तपासणीचा दिवस आला असता.

सात जण आणि पाच सायकली. पुढे हिलालआबा, आमच्यातले सगळ्यांत मोठे, लूम दुरुस्तीचं काम करणारे. त्यांच्यामागे गिरधर, कारण दिवा त्याच्याच सायकलला होता. मागच्या चाकाला डायनॅमो आणि हँडलवर दिवा. मग बाकीचे. शेवटी सुपडू आणि मी, डबलसीट. अंगावर पोत्याच्या खोळी. भाकऱ्या आणि ठेचा एका डब्यात, तो माझ्या पोटाशी.

उधना ओलांडून मगदल्ल्याच्या रस्त्याला लागलो तसा अंधार एकदम दाट झाला. दोन्ही बाजूंना खाजण, मध्येच ताडाची झाडं, आणि रस्ता कुठे आहे ते डबक्यांवरून ओळखायचं. हिलालआबा खड्डा दिसला की ‘खड्डा’ म्हणून डावा की उजवा ते सांगायचे, त्यांच्यामागचा ते आपल्या मागच्याला सांगायचा, असं करत शब्द मागे पोचायचा. सुपडू सायकल मारत होता आणि मी मागे कॅरिअरवर. शब्द माझ्यापर्यंत आला की मी सुपडूच्या पाठीवर टिचकी मारायचो. डावीकडचा खड्डा असेल तर डाव्या खांद्यावर, उजवीकडचा असेल तर उजव्या. तो बरोबर वळवायचा. तोंडाने का सांगत नाही, हा प्रश्न माझ्या मनातही आला नाही. आमच्यात कुणाच्याच आला नसता.

त्या रात्री मी सुपडूचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला. तो भलताच मोठ्याने बोलायचा. घरच्या म्हशीबद्दल, मुलीबद्दल, मेहुण्याच्या घोरण्याबद्दल, सगळं त्याच पट्टीत. पुढून गिरधर ओरडला की अरे, मगदल्ल्याचे लोक उठतील. सुपडूचं बोलणं त्याच पट्टीत चालू राहिलं. मी मागून काही विचारलं तर तो मध्येच भलतंच सांगायचा. मी त्याचा दोष वाऱ्यावर टाकला. वारा होताच.

वाटेत एका चिंचेखाली थांबलो. तिथून मी डबा सुपडूच्या हँडलला अडकवून थोडा वेळ गिरधरच्या मागे बसलो आणि सुपडू एकटाच शेवटी राहिला. मग ‘खड्डा’ची हाक मागे गेली तरी तो खड्ड्यात गेला. लगेच पुन्हा गेला. चाक वाजलं, डब्याचं झाकण उडालं, सगळे थांबले.

“सुपडू, झोपना का रे?” हिलालआबा म्हणाले. “रातपाळीना माणूस रातले झोपस, हाई नवल शे.”

सगळे हसले. सुपडूही हसला, पण सगळे हसल्यावर थोडा उशिरा. थोडं अंतर गेल्यावर मागून एक ट्रक आला. हॉर्न वाजवत आला. आम्ही सगळे डावीकडे दबलो. सुपडू मध्यावरच सायकल मारत राहिला आणि ट्रकचा उजेड त्याच्या हातांवर पडला तेव्हा झटक्यात बाजूला झाला. ड्रायव्हरने गुजरातीत त्याला मरायचा विचार आहे का असं विचारलं. मी पुन्हा आमच्या सायकलवर जाऊन बसलो. हट्टी आहेस, असं त्याच्या पाठीमागून म्हणालो. तो काही बोलला नाही. मला वाटलं, राग आला.

भिजलेल्या माणसाला एका हद्दीपर्यंत थंडी वाजते, पुढे ती जाणवत नाही. बोटं पांढरी पडतात आणि ब्रेक दाबला की नाही ते डोळ्यांनी बघावं लागतं. त्या रात्रीतला बराच रस्ता माझ्या आठवणीत नाही, तो ह्याच कारणाने. चाकाखालचं पाणी आणि समोर सुपडूची ओली पाठ, एवढंच.

डुमसला पोचलो तेव्हा उजाडायला बराच वेळ होता. सुरूच्या झाडांमधून सायकली ढकलत पुढे गेलो आणि पायांखाली वाळू लागली. डुमसची वाळू काळी. अंधारात जमीन, पाणी, आभाळ, काहीच वेगळं करता येत नव्हतं. दिसत नव्हतं काहीच, पण आवाज येत होता. एवढा मोठा आवाज मी लूमखात्याबाहेर कधी ऐकला नव्हता. लूमच्या आवाजाला ठोका असतो, मिनिटाला शंभराच्या वर ठोके, आणि सवयीने माझं मन ते मोजत असतं. इथेही मी मोजायला गेलो. ठोकाच सापडेना. एक लाट संपायच्या आत दुसरी तिच्यात मिसळायची. मी मोजणं सोडून दिलं. आम्ही सगळे नुसते उभे होतो.

सुपडू माझ्या शेजारी होता. तो म्हणाला, “आठेच शे ना रे समुद्र? मंग बंद शे का?”

गिरधर हसला. “हाओ, त्यालेबी आज लाइट नही.”

त्यावर सगळेच हसले. विजेच्या सुट्टीचा विनोद होता आणि चांगला होता. हसणं संपल्यावर सुपडूने तोच प्रश्न त्याच आवाजात पुन्हा विचारला. समुद्र इथेच आहे ना, मग बंद आहे का? बंद असेल तर चालू कधी होतो? तो ओहोटीबद्दल ऐकून होता. आपण चुकीच्या वेळी आलो की काय, एवढीच त्याची काळजी होती.

आता कुणी हसलं नाही. हिलालआबांनी त्याच्या कानापाशी जाऊन मोठ्याने काहीतरी सांगितलं. सुपडूने मान आबांकडे वळवली आणि त्यांचं तोंड शोधायला लागला. काळोखात तोंड नव्हतं. त्याने हात पुढे केला, तो आबांच्या हनुवटीला लागला. लूमच्या आवाजात आमच्यापैकी कुणालाच कुणाचं ऐकू येत नसे, आणि उजेडात सगळेच ओठ वाचत. त्यात ज्याला खरोखरच ऐकू येत नाही तो निराळा कसा दिसणार? आम्हाला कळलं नव्हतं. आणि हे मला फार नंतर जाणवलं, पण त्यालाही कळलं नव्हतं. जग शांत झालंय असं त्याला वाटत असावं. खात्यातून बाहेर आल्यावर आम्हा सगळ्यांनाच तसं वाटायचं.

गिरधरने न बोलता सायकल स्टँडवर लावली. मागचं चाक जमिनीपासून उचललं गेलं. डायनॅमो चाकाला टेकवून त्याने हाताने पॅडल फिरवायला सुरुवात केली आणि हँडलवरचा दिवा लागला. पावसाच्या रेषा दिसल्या. आबांनी मला दंडाला धरून त्या उजेडात उभं केलं. जोडीदार मीच होतो.

सुपडूने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी ओठ हलवून सांगितलं की समुद्र चालू आहे.

“मोठा शे?”

मी मान हलवली.

“कितला लूम?”

ह्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायला हवं होतं. खात्यात नुसत्या आवाजावरून किती लूम चालू आणि किती बंद हे मी सांगत असे आणि सहसा चुकत नसे. मी कान देऊन ऐकलं. शेवटी सांगितलं की मोजता येत नाही. गिरधरचा हात दमला, चाक मंदावलं, दिवा तांबडा होत विझत आला आणि माझं वाक्य मध्येच अंधारात गेलं. दुसऱ्या कुणीतरी पॅडल घेतलं. मी वाक्य पुन्हा सांगितलं.

सुपडूने पाण्याच्या दिशेला मान वळवली. “माले काहीच आयकू येत नही,” तो म्हणाला. ह्या वेळी हळू बोलायचा त्याने प्रयत्न केला असावा, कारण शब्द अर्धे हवेतच राहिले.

मग आबांनी उजेडात येऊन समजावलं. तपासणीत डॉक्टर समोर बसवतो, ओठ वाचलेस की झालं. तिथे आपल्या खात्यासारखाच उजेड असतो. एकदा जागा मिळाली की कोण विचारतं? आबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. असे लोक नोकरीला लागल्याचं आम्ही ऐकून होतो. मला स्वतःला काय वाटत होतं ते आठवत नाही. बोटं दुखायला लागली होती, म्हणजे त्यांत रक्त परत येत होतं, ते आठवतं.

सुपडूने आबांचं सगळं बघून घेतलं. मग म्हणाला, “आबा, गाडी काय तोंड दखाडीसन येस का?”

पॅडल फिरवणारा थांबला. दिवा विझला. रुळावर वाकून काम करणाऱ्या माणसाच्या मागून गाडी येते. मघाच्या ट्रकसारखी.

तो चपला काढून पाण्यात गेला. आम्ही घाबरलो, गिरधरने पुन्हा चाक फिरवलं. गुडघ्याएवढ्या पाण्यात तो पाय फाकवून उभा होता. लूमखात्याची फरशी सतत थरथरत असते आणि चांगला विणकर पायांवरूनही सांगतो की कुठला लूम बिघडलाय. तसाच तो उभा होता, खाली मान घालून. लाट यायची, त्याला मागे ढकलायची, पायांखालची वाळू ओढून न्यायची, तो पाय उचलून पुन्हा रोवायचा. बराच वेळ त्याने तेच केलं. परत आला तेव्हा मी उजेडात उभा होतो. तो म्हणाला की पायांना समजतं. शोभाला तेवढं सांगता येईल.

उजाडल्यावर समुद्र राखाडी आणि सपाट दिसला. रात्रीच्या आवाजाच्या मानाने तो लहान होता. झाडाखाली एक गुजराती चहावाला शेगडी पेटवून बसला होता. त्याने सुपडूला चहा देताना आज दर्या वेडा झालाय असं सांगितलं. सुपडू त्याच्या तोंडाकडे बघत होता, त्याने मान डोलावली. चहावाल्याला काहीच वेगळं वाटलं नाही. आम्ही भाकरी खाल्ली. भाकरीत पाणी गेलं होतं.

परतताना मी सायकल मारली आणि तो मागे बसला. रस्ताभर त्याने तोंड उघडलं नाही. अर्ध्या वाटेवर माझ्या उजव्या खांद्यावर टिचकी बसली. बघितलं तर खरंच उजवीकडे खड्डा होता.

तो तपासणीला गेला नाही. मेहुण्याला सांगून पाठवलं की सुरतेचंच काम बरं आहे. मेहुण्याने बरेच दिवस बोलणं टाकलं. गावात त्याला शहराची चटक लागली असं म्हणत होते म्हणे. आम्ही सहा जणांनी ही गोष्ट कुठे काढली नाही. तसं ठरवलं नव्हतं, पण काढली नाही. वीज आली, लूम चालू झाले, आणि संध्याकाळी फाटकापाशी सुपडू नेहमीसारखा सायकल घेऊन उभा होता. त्याने हँडल माझ्या हातात दिलं आणि आत गेला. सीट गरम होती. मी घरी गेलो आणि पाना ज्याचा होता त्याला परत दिला.

नंतर त्याने बायको-मुलीला इकडेच आणलं. माझीही मंडळी आली, आणि दोघांनी वेगळ्या खोल्या घेतल्या. सायकल मात्र बरीच वर्षं दोघांतच राहिली. पावसात वस्तीची वीज गेली की सुपडूच्या खोलीत एक गोष्ट दिसायची. शोभाला वडिलांशी बोलायचं असलं की ती कंदील उचलून स्वतःच्या तोंडाजवळ धरायची. तो जड असायचा, ती दोन्ही हातांनी धरायची, आणि शाळेत काय झालं ते सगळं सांगून झाल्यावरच खाली ठेवायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. आता ती चलथाणला असते, तिचा नवरा साखर कारखान्यात आहे. सुपडू गोडादऱ्याला राहतो. मी जातो तेव्हा तो दारात बसलेला असतो, रस्त्याकडे तोंड करून. आम्ही खुणांनीच बोलतो. बाहेरचे बघणारे दोघांनाही तसलेच समजतात.

मी आता लूमवर नाही. त्याच खात्यात कापडाची मापं घेतो. आवाज तोच, फक्त भिंतीच्या पलीकडून.

आज पहाटे मला जाग आली ती दिव्याने. बायको बटणापाशी उभी होती. मी तिच्याकडे बघेपर्यंत ती थांबली आणि मग म्हणाली, “पाऊस वाढलाय. कोपऱ्यात गळतंय, खाट सरकवायला हवी.”

आम्ही खाट सरकवली. खाली पातेलं ठेवलं. मग मी तिला विचारलं, की तू दिवा लावून मगच बोलतेस, हे कधीपासून?

ती थोडी गोंधळली. “झाली की दोन-तीन वर्षं,” म्हणाली. “तुम्हाला माहीत नव्हतं?”

मी पातेल्याकडे बघत होतो. थेंब पडत होते, ठरावीक अंतराने, आणि ते मला मोजता येत होते. डोळ्यांनी. मी विचारलं, पत्र्यावर आवाज मोठा आहे का? ती वर बघून ऐकत राहिली.

“हो,” म्हणाली. “फार मोठा आहे. दिवा घालवू?”

मी म्हटलं, राहू दे.